पोट सांगते तेवढंच

सुजाता, तुझ्या शोकसभेत जो उठला तो तुला वाघीण म्हणाला. मी मागच्या रांगेत दात आवळून बसले होते. आमच्या चंद्रपुरात माणूस जरा ताठ चालला की तो वाघ, आणि बाई मोठ्याने बोलली की वाघीण. दुसरं जनावर जसं या जंगलात नाहीच. तू ज्या गोष्टीला जन्मभर वैतागलीस तीच त्यांनी हारासोबत तुझ्या फोटोवर चढवली. ‘वाघावर सगळे फिदा,’ तू म्हणायचीस, ‘पण वाघाच्या पोटात जे जाते, त्याच्या पोटात काय जाते, हे कोणाले पाह्याचं नाई.’

मग एकजण म्हणाले, तिनं निसर्गासाठी बलिदान दिलं. तुला चंद्रपुरातून उचलून भामरागडला टाकायचं ठरलं तेव्हा हेच गृहस्थ त्या खोलीत खुर्चीवर होते. मी उठले आणि म्हणाले, ‘बलिदान नाही. मलेरिया.’ कोणीतरी मला पाणी आणून दिलं. बाई फार खचली आहे असं त्यांना वाटलं असावं. मी खचले नव्हते. मला राग आला होता, आणि तो अजून उतरलेला नाही. म्हणून हे तुला लिहिते आहे.

तुझा जन्म, शिक्षण, कुठे कुठे नोकरी, सगळं त्यांनी वाचून दाखवलं. त्यातलं काही मी इथे लिहिणार नाही. मी लिहिणार आहे तो थर्मास.

आठवतो ना? मी गडचिरोलीच्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते, आणि तोवर तुला फक्त नावाने ओळखत होते. सरकारी जनावरांच्या डॉक्टर, रानातल्या मेलेल्या जनावरांचं शवविच्छेदनही करतात, एवढंच ऐकलेलं. एका दुपारी तू आमच्या स्टाफरूममध्ये आलीस, हेल्मेट काखेत, आणि टेबलावर चहाचा मोठा थर्मास ठेवलास. आमच्या शिपाईभाऊंनी कप मांडले. तू म्हणालीस, ‘राहू द्या भाऊ, हे प्याचं नाई.’ हायवेवर ट्रकखाली मेलेल्या चितळाच्या पोटातलं ते पाणी होतं. पंचनामा झाल्या झाल्या तू ते भरून घेतलं होतंस, थंड पडू नये म्हणून थर्मासमध्ये.

मी थेंब काचेवर घेतला आणि डोळा लावला. तोवर मी वर्गात इतकी वर्षं सूक्ष्मजीव शिकवत होते, पण तसं काही पाहिलं नव्हतं. नुसती झुंबड. केसाळ, गोल, लांबट जीव एकमेकांना धक्के देत पळत होते. कोणी गवताचा तुकडा गिळत होतं, कोणी दुसऱ्यालाच. चितळ मेलं होतं आणि त्याच्या पोटातलं गाव अजून कामावर होतं.

‘चितळ गवत खाते असं आपण म्हणतो,’ तू माझ्या खांद्यावरून बोलत होतीस. ‘खरं म्हणजे चितळ यायले गवत चारते. हे खातात, अन् मंग चितळाले पोसतात. समजलं का वं?’

पहिल्याच भेटीत मला ‘वं’ म्हणणारी तू. मी मार्कंड्याच्या खालच्या अंगाला वैनगंगेत जाळं टाकणाऱ्या ढिवराची मुलगी. कॉलेजात गेले तशी मी माझी बोली घडी करून पेटीत ठेवली होती. तू ती साहेबांसमोर, सेमिनारमध्ये, सगळीकडे बिनदिक्कत बोलायचीस. तुझ्यासोबत बोलताना माझीही हळूहळू बाहेर आली. याचे आभार मी तुला कधी मानले नाहीत. आता मानते.

त्यानंतर आपण चितळ, सांबर, नीलगाय, अस्वल, जे मिळेल त्याची लेंडी गोळा करायला लागलो. परवानगी दोघींच्या नावावर काढली. कोणतं जनावर कोणत्या महिन्यात काय खातं, आणि खाणं बदललं की पोटातले जीव कसे बदलतात, हे आपल्याला हवं होतं. धानाच्या बांधीत शिरणाऱ्या चितळाचं पोट आणि आत खोल रानातल्या चितळाचं पोट सारखं असतं का? तुझ्या आईच्या फ्रिजमध्ये दह्याच्या गंजाशेजारी आपल्या डब्या असायच्या. आई म्हणायची, ‘डाक्टर झाली अन् लेंड्या जमा करून राह्यली.’ आणि पाहुणे आले की त्याच डब्या मोठ्या अभिमानाने दाखवायची.

बाबांचं मात्र तसं नव्हतं. ते तू मला एकदाच सांगितलंस, शेताच्या धुऱ्यावर बसून डबा खाताना. तुझे आजोबा गावातली मेलेली ढोरं ओढायचे. दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी ते काम टाकलं, त्यासाठी मारही खाल्ला, पण पुन्हा हात लावला नाही. आणि त्यांची नात मेलेल्या जनावरात कोपरापर्यंत हात घालते, हे बाबांच्या घशाखाली उतरत नव्हतं. ‘आपण जे सोडलं त्यातच तू चालली,’ ते म्हणाले होते. तू त्यांना उत्तर दिलंस, ‘बाबा, आजोबाले ओढाच लागे. त्याले कोणी विचारे का, हे कशानं मेलं म्हणून? मले विचारतात. अन् खाली माही सही रायते.’

तुझ्या सहीचं वजन किती हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

माझी मोठी चुलत बहीण मंगलाबाई सिंदेवाहीकडच्या एका गावात दिलेली आहे. गावाला जुना मामा तलाव आहे, मालगुजाराच्या काळचा, आणि तलावावर ढिवरांची मासेमारी चालते. तलावाच्या पलीकडे जंगल आणि जंगलाला लागून एक रिसॉर्ट. मंगलाबाईचा सकाळी फोन आला तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं. तलावाच्या काठी चितळं मरून पडली होती. पाण्यात विष कालवलं म्हणून माझ्या भाऊजींना आणि त्यांच्यासोबतच्या काही जणांना वनखात्याच्या गाडीत घालून नेलं होतं. तलावावर जाळी त्यांची होती, पुरावा म्हणून एवढं पुरे झालं होतं.

शवविच्छेदनाला तुलाच बोलावलं होतं. तू मला फोन केलास, ‘रंजे, तुहा मायक्रोस्कोप घेऊन ये. आताच्या आता.’

मी पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. एक चितळीण अजून जिवंत होती. पोट टरटरून फुगलेलं, मान मागे टाकलेली. तू तिच्याजवळ उकिडवी बसलीस आणि औषध टोचलंस. तिला ते लागू पडणार नाही हे तुझ्या तोंडावर दिसत होतं. ती तुझ्या हाताखालीच गेली. तू डोळे पुसले नाहीस, लगेच सुरी घेतलीस, कारण उशीर झाला तर पोट खरं सांगणार नव्हतं.

कोठीपोट उघडलं आणि आंबलेल्या वासाने जमलेली माणसं मागे सरकली. गवत जवळजवळ नव्हतंच. भात होता. लगदा झालेला पांढरा भात, पुरीचे तुकडे, वाटाण्याचे दाणे आणि पत्रावळीचा एक कोपरा. आतलं अस्तर बोट लावलं की सालीसारखं सुटून येत होतं. तू आम्ल तपासायचा कागद बुडवलास आणि तो लाल झाला. मी शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून काचेवर थेंब घेतला. थर्मासमधलं ते पाणी मी विसरले नव्हते. इथे काही हलत नव्हतं. एकही जीव नाही. सगळं गाव उठलेलं.

‘पोट आंबलं,’ तू म्हणालीस. ‘चितळाले एकदम इतका भात भेटला तं आतले जीव सहन नाई करू शकत. आंबवणारेच वाढतात, बाकीचे मरतात. अन् मंग चितळ मरते.’

मंगलाबाई तिथेच उभी होती, डोक्यावरचा पदर विस्कटलेला. ‘पाण्यात जहर असतं तं आमची मासोळी जिवंत रायली असती का?’ ती म्हणाली. ‘पाहा ना बाई, उड्या मारून राह्यली.’

मला वाटलं तू लगेच हो म्हणशील. तू म्हणालीस, ‘मासोळी पाण्याचं सांगते, बाई. पोटाचं नाई सांगत. पोटाचं मी लिहितो.’

मग तू त्या चितळांच्या खुरांच्या मागावर चालत निघालीस आणि मी तुझ्या मागे. माग रिसॉर्टच्या मागच्या तारेपर्यंत गेला. तिथे खड्डा होता. आदल्या दोन दिवसांच्या लग्नाचं उरलेलं सगळं त्यात, आणि भोवती खुरांनी चाळणी झालेली माती. नंतर कळलं, तिथे रोजच थोडंथोडं टाकायचे, म्हणजे पाहुण्यांना चहा पिता पिता हरणं दिसावीत. लग्नाच्या वेळी गाडीच रिकामी केली होती. तू खड्ड्यातले नमुने घेतलेस, फोटो घेतले आणि तेही सगळं अहवालात घातलंस.

संध्याकाळी वनखात्याचे मोठे साहेब आले. ते चांगलं बोलत होते हे मला अजून खुपतं. त्यांनी तुला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, ‘मॅडम, सध्या संशयित विषबाधा असं लिहा. पुढचं पुढे पाहू.’

‘विषाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवा साहेब,’ तू म्हणालीस. ‘निघालं तं निघालं. पण मले जे दिसलं ते मी लिहिलं आहे.’

‘खड्ड्याचं कशाला? तो शवविच्छेदनाचा भाग नाही.’

‘पोटात जे होतं ते तिथूनच आलं. मंग मी अर्ध्यातून कशी थांबू?’

मला तुला मिठी मारावीशी वाटली. आणि त्यानंतर तासाभरात मी तुझ्याशी भांडले.

कारण मंगलाबाई तुझ्या स्कूटीसमोर येऊन उभी राहिली. ‘बाई, एवढं लिहिलं तं अजून एक लिहा. आमच्या माणसायनं काई केलं नाई म्हणून.’

आणि तू म्हणालीस, ‘ते मी नाई लिहू शकत.’

सिंदेवाहीच्या चौकात चहाच्या टपरीवर आपण उभ्या होतो. मी तुला काय नाही ते बोलले. माझा भाऊजी कोठडीत आहे आणि तुला तुझा अहवाल शुद्ध ठेवायचा आहे, असंही म्हणाले. तू शांतपणे ऐकून घेतलंस, मग म्हणालीस, ‘रंजे, पोट सांगते तेवढंच मी सांगन. त्यायनं काई केलं नाई हे मले माहीत आहे. पण चितळिणीच्या पोटात ते लिहिलेलं नाई. मी एक गोष्ट जरी माह्या मनची घातली ना, तं ते म्हणतील बाकीचंही मनचंच आहे.’

‘माणसं आत आहेत,’ मी म्हणाले. ‘तू माणसांच्या बाजूची आहेस का नाहीस?’

‘आहे म्हणूनच.’

मला ते पटलं नाही. तेव्हाही नाही आणि आताही नाही. हे भांडण आपण नंतर कितीदा काढलं! बसमध्ये, फोनवर, लेंड्या चाळता चाळता. तू म्हणायचीस, शास्त्राचं काम आहे तेवढंच सांगणं. मी म्हणायचे, ज्याच्यावर आळ येतो तो दर वेळी आमचाच माणूस का असतो, हेही कोणीतरी सांगायला नको का? तू म्हणायचीस, सांग ना मग, तू सांग, मी अडवलं का? आणि मी म्हणायचे, माझ्या सहीला कोण विचारतं?

भाऊजी जामिनावर सुटले. प्रयोगशाळेचं उत्तर फार उशिरा आलं, विष आढळलं नाही म्हणून. तरी नावं कागदावर तशीच राहिली, चौकशी चालू आहे या सबबीवर. आणि तुझी बदली झाली.

तू लढावंस असं मला वाटत होतं. वकील पाहू, अर्ज करू, पेपरात देऊ, मी सगळं मांडून ठेवलं होतं. तू सामान बांधत होतीस. ‘तिकडं अस्वलं आहेत वं,’ म्हणालीस. ‘शिक्षा म्हणून पाठवून राह्यले. मी जत्रेले गेल्यासारखी गेली तं त्यायची शिक्षाच वाया गेली ना!’ आणि खरंच तू तशी गेलीस, एसटीच्या खिडकीतून हात हलवत, मांडीवर मायक्रोस्कोपची पेटी. माझाच मायक्रोस्कोप, न विचारता घेतलेला.

भामरागडहून तुझे फोन यायचे ते रेंज मिळेल तिथून, बहुतेक टेकाडावरून, मागे वारा. मोहाच्या दिवसांत अस्वलाची विष्ठा मोहफुलांनी भरलेली असते आणि तिला गोड वास येतो, हे तू मला इतक्या आनंदाने सांगितलंस की शेजारी जेवत असलेल्या स्टाफरूममधल्या बाईंनी डबा बंद केला. मग उधई, म्हणजे वाळवी, मग तेंदूच्या बिया. दर फळासोबत पोटातली वस्ती कशी बदलते, याचं तुला वेड लागलं होतं. गावातल्या माडिया बाया सुरुवातीला तुला हसल्या, मग सोबत यायला लागल्या. तुझी माडिया ऐकून त्या पुन्हा हसायच्या, असंही तूच सांगितलंस.

आणि ते पाडस. कोणीतरी रानातून उचलून आणलेलं, आईविना. तुझ्या कचेरीच्या आवारात त्याला गाईचं दूध आणि बिस्किटं चालू होती आणि ते हगवणीने वाळून चाललं होतं. तू बिस्किटं बंद केलीस. रानात जाऊन ताज्या चितळलेंड्या आणल्यास, कोमट पाण्यात कालवल्यास आणि गाळून ते पाणी त्याला पाजलंस, रोज थोडं थोडं. सोबत रानातला पाला. ‘आईच्या जिभेतून अन् आजूबाजूच्या लेंड्यांतून जे त्याले भेटलं असतं, ते मी देऊन राह्यली,’ तू म्हणालीस. वरून आलेल्या एका अधिकाऱ्याने याला अघोरी प्रकार म्हटलं आणि तसं लिहूनही दिलं. तू त्याला विचारलंस, पाडस मेलं तर ते तुमच्या शिष्टाचारात बसेल का? पाडस जगलं. अंगावरचे ठिपके चमकायला लागले, पाला ओरबाडायला लागलं, आणि मोठं झाल्यावर कळपाच्या मागे निघून गेलं. तू फोनवर म्हणालीस, ‘वळूनही नाई पाह्यलं भाडखाऊनं.’ आणि इतकी हसलीस की मला वाटलं आपण जिंकलो.

मला वाटतं तू तुझ्या नावाची गंमत तिथेच केलीस. आईने सुजाता ठेवलं ते बुद्धाला खीर देणारीवरून. ‘तिनं एकाले खाऊ घातलं तं तो उठून बसला,’ तू म्हणालीस. ‘अन् मी जिकडं जातो तिकडं लोकायच्या हातातलं ताट हिसकावतो. पण जनावर उठून बसते, हे तं सारखंच झालं ना?’

पावसाळा लागला तेव्हा तुला ताप होता. तू तो सांगितला नाहीस, मला तुझ्या आवाजावरून कळला. मी म्हणाले, निघून ये गडचिरोलीला. तू म्हणालीस, ‘जांभळं संपली की येतो. अस्वलं नुसतं जांभूळ खाऊन राह्यली.’ नंतर दोन दिवस मुसळधार कोसळलं, नाले चढले, रस्ता बंद झाला आणि फोन लागेना. पाणी उतरायची वाट न पाहता तिथल्या माणसांनी तुला खाटेवर घालून डोंग्याने नाल्यापार नेलं, पुढे गाडीने आणलं. मी दवाखान्याच्या दारात उभी होते. ताप डोक्यात गेला होता. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं, मी पाहत होते. तू डोळे उघडले नाहीस. मी तुझा हात धरून बसले, आणि तुझ्या नखांत जांभळाचा रंग होता. ज्या जांभळांच्या बिया तू विष्ठेतून वेचून काढत होतीस त्यांचा. नर्सताई तो पुसायला आल्या तेव्हा मी त्यांना पुसू दिला नाही.

तुझ्या गावी वंदना झाली. आई पांढऱ्या साडीत ताठ बसून वंदना म्हणत होती. बाबा मात्र माझ्याजवळ आले आणि विचारलं, ‘ते तिचे डबे कुठी आहेत?’ मी म्हणाले, भामरागडलाच. ते म्हणाले, ‘फेकू नका देऊ.’ एवढंच. तुझ्या बाबांनी हे म्हटलं हे तुला सांगायचं होतं. तुला सांगायच्या गोष्टी आता अशा साचत जातात.

आणि फेकायलाच निघाले होते. तिथून एकाने भल्या मनाने फोन केला, मॅडम, लसी ठेवायला फ्रिजमध्ये जागा पाहिजे, डब्या बाहेर काढतो आहोत. मी म्हणाले, हात लावू नका, मी येते. पण बर्फ? आलापल्लीच्या पुढे मला बर्फ कोण देणार होतं? मी हे मंगलाबाईजवळ बोलले, सहज, रडता रडता. दुसऱ्या दिवशी गडचिरोलीच्या स्टँडवर ती आणि भाऊजी उभे होते. मासोळी बाजारात नेतात ते मोठे थर्माकोलचे खोके, बर्फ ठासून भरलेले, वरून गोणपाट बांधलेलं.

‘त्या बाईनं आमच्यासाठी एक वाक्य लिहिलं नाई,’ मंगलाबाई म्हणाली, ‘पण जे लिहिलं ते खोडलं बी नाई. चाल.’

कंडक्टर म्हणाला, मासोळी असेल तर वर टाका, वास येतो. मी म्हणाले, आता नुसता बर्फ आहे, येताना अस्वलाची विष्ठा असेल. त्याला वाटलं मी थट्टा करते. परतीच्या वेळी तोच होता, आणि त्याने आपली जागा खोक्यांना दिली. सगळं आलं, सुजाता. बहुतेक सगळं. तुझ्या हातची चिठ्ठी चिकटवलेली प्रत्येक डबी आता आमच्या कॉलेजच्या डीप फ्रीझरमध्ये आहे. प्राचार्यांनी विचारलं, किती दिवस ठेवणार? मी म्हणाले, मी इथे आहे तोवर. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

आता कालचं सांगते. निकाल आधी सांगते, कारण तुला गोष्टीचा शेवट आधी ऐकायची घाई असायची. ढिवरांची नावं कागदावरून निघणार, असं काल तोंडी सांगितलं. रिसॉर्टवाल्याला समज देणार. नुसती समज. खड्डा बुजवला म्हणे, पण मी जाऊन पाहणार आहे.

चौकशी चंद्रपुरात होती. तू नाहीस म्हणून मला बोलावलं, कारण तुझ्या अहवालात काचेवर काय दिसलं त्याखाली माझं नाव तू घातलं होतंस. हे मला माहीत नव्हतं. रिसॉर्टतर्फे एक वकील होते, चांगले कपडे, हळू आवाज. म्हणाले, डॉक्टर आता हयात नाहीत, तेव्हा त्या निष्कर्षांना कितपत अर्थ उरतो? मी म्हणाले, डॉक्टर नाहीत. काचेला डोळा मी लावला होता, आणि मी आहे.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. ‘बाई, या मासेमारांपैकी एक तुमचे भाऊजी. म्हणजे त्यांनी काही केलं नाही, असं तुम्हाला म्हणायचं आहे?’

माझ्या तोंडात हो आलं होतं. ज्याच्यासाठी मी तुझ्याशी भांडले ते हो. आणि मला दिसलं की ते याच शब्दाची वाट पाहत आहेत. मी म्हणाले, ‘ते मायक्रोस्कोपमध्ये दिसत नाही. पोटात भात होता, पोट आंबलं होतं, आतले जीव मेले होते. मी तेवढंच सांगते.’ वकील खाली बसले. तू बरोबर होतीस, त्या एका प्रश्नापुरती. तेवढं मान्य.

पण भांडण मी सोडलेलं नाही. तू गेलीस म्हणून तुझं सगळंच ऐकून घेईन असं समजू नको. चौकशी करणाऱ्या साहेबांनी शेवटी रीत म्हणून विचारलं, अजून काही सांगायचं आहे का. तू असतीस तर नाही म्हणून उठली असतीस. मी बसून राहिले आणि म्हणाले, ‘आहे. चितळं मेली त्या सकाळी भात कोणी टाकला हे विचारायला कोणी गेलं नाही. तलावावर जाळं कोणाचं, हे विचारायला मात्र गाडी आली. ज्यांना नेलं ते माझे लोक आहेत. हे मी शास्त्र म्हणून सांगत नाही, मी म्हणून सांगते.’

टाइप करणाऱ्याचा हात थांबला. साहेब म्हणाले, ‘हे जबाबात कशाला? याचा विषयाशी संबंध नाही.’

‘आहे. लिहा,’ मी म्हणाले.

‘बाई, सहानुभूती समजू शकतो, पण...’

‘मले सहानुभूती नको साहेब,’ मी म्हणाले, आणि चंद्रपुरातल्या त्या थंड खोलीत माझी बोली आपोआप बाहेर आली. ‘मी सांगून राह्यली, तुमी लिहा. नाई लिहिलं तं मी सही नाई करत.’

त्यांनी टाइप करणाऱ्याकडे पाहून मान हलवली. त्याने लिहिलं. कागद माझ्यासमोर आला तेव्हा मी तो पहिल्या ओळीपासून वाचला. माझ्या वाक्यात त्याने ‘स्थानिक मच्छीमार लोक’ असं घातलं होतं. मी पेन मागितला, ते खोडलं, वर ‘माझे लोक’ असं लिहिलं, आणि मग खाली सही केली.